फ्रेंच नदीतला बांबू

मी मोतीराम श्रावण मारबते, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, मूळ गाव आमघाट, जिल्हा भंडारा, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, ॲन आर्बर, मिशिगन. डोकं ठिकाणावर आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि पास केलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा मीच आहे, असं माझी सून म्हणते. मी मेल्यावर माझ्या वस्तूंचं काय करायचं ते खाली लिहितो. याआधी असलं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे जुनं काही रद्द करायचं नाही.

समोरच्या गल्लीतले रवींद्रराव दातार यांनी मला नमुना म्हणून चार पानं टाइप करून दिली. पहिलं पूर्ण पान मनुष्यदेह नश्वर आहे यावरच होतं. ते मला माहीत आहे. ती पानं बाजूला ठेवली. रवींद्ररावांना राग येईल, तरी साक्षीदार म्हणून सही त्यांनीच करायची आहे. प्रतापचा मित्र देवानंद, दुसरा साक्षीदार, म्हणाला की ज्याला काही मिळणार नाही अशा माणसाची सही बरी. रवींद्ररावांना मी काहीच देणार नाही, म्हणून ते एकदम योग्य आहेत.

कलम १. गावचं घर

आमघाटचं घर, दोन खोल्या, पडवी आणि मागचं चिंचेचं झाड, माझी मुलगी शोभना हिला. ती नागपूरला असते आणि दर उन्हाळ्यात जाऊन कौलं फिरवून घेते. प्रतापने, म्हणजे माझ्या मुलाने, तोंड वाकडं करू नये. बारा वर्षांत तो गावी दोनदा आला आणि दोन्ही वेळा हॉटेलात उतरला.

कलम २. बँक

भंडाऱ्याच्या बँकेत जे आहे तेही शोभनाला. पासबुक तिच्याकडेच आहे. जास्त काही विचारू नका.

कलम ३. हत्यारं

माझे सहा ब्रश नात निधी हिला. ते गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर, कॉफीच्या डब्यात उभे आहेत. उभेच ठेवायचे, केस वर. आडवा ठेवलेला ब्रश आणि आडवा पडलेला माणूस, दोन्ही कामाचे राहत नाहीत.

ब्रश माझ्याकडे कसे आले हे निधीला माहीत नाही म्हणून लिहितो. आम्ही ढिवर. माझा बाप वैनगंगेवर डोंगा चालवायचा, त्याच्यामागे मी. या तीरावरून त्या तीरावर मास्तर, बाजारवाले, बकऱ्या, नवऱ्या मुली, सगळे माझ्या डोंग्यातून गेले. कोणी पैसे देत नव्हतं. सुगी झाली की घरटी धान्य यायचं. मग शहाऐंशी साली पूल झाला. पहिल्या दिवशी लोक पुलावरून चालत गेले आणि वरून मला हात केला. मीही केला. डोंग्यात बसून राहिलं तर पोट भरत नाही, म्हणून आठ दिवसांनी मी ठेकेदाराकडे गेलो. त्याने पुलाचेच कठडे रंगवायला दिले. तीन कोट मारले. गाव हसलं. हसू दे.

मग रस्त्याचे दगड रंगवायचं काम मिळालं. पांढरा, वर पिवळा, त्यावर काळ्या रंगाने आकडा. नागपूर ८४, नागपूर ८३, असं एकेक दगड लिहीत मी नागपूरला पोचलो आणि प्रतापला तिथे इंजिनिअरिंगला घातलं. म्हणून माझा हात सरळ आहे. एका दमात वीतभर रेघ ओढतो, हलत नाही. ही बढाई नाही, पुढच्या कलमात लागणार आहे म्हणून सांगतो.

बर्फ काढायचं फावडं प्रतापला. त्याला त्याची गरज आहे आणि व्यायामाचीही.

कलम ४. सूनबाई

गिरजाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, चांदीचे कडे सूनबाई नीलांबरी हिला. गिरजा जाऊन नऊ वर्षं झाली. कडे जड आहेत, नीलांबरी ऑफिसला घालणार नाही, तरी तिलाच.

एक जुना हिशोब इथे मिटवतो. प्रतापच्या लग्नात नीलांबरीचे वडील पुण्याच्या पाहुण्यांना सांगत होते, “जावयाचे वडील वॉटर ट्रान्सपोर्टमध्ये होते.” मी मागेच उभा होतो, जिलबी खात. तेव्हाच म्हणणार होतो की डोंगा होता हो, एकच होता. म्हणालो नाही. एकवीस वर्षं मनात ठेवलं. आता काढून टाकलं. ते भले गृहस्थ होते आणि जिलबी चांगली होती.

नीलांबरीने या उन्हाळ्यात माझे मोतीबिंदूचे दोन्ही डोळे करून आणले. एक जूनमध्ये, एक जुलैत. सुट्टी तिने काढली, थेंब तिने घातले. डोळे चांगले झाले. इतके चांगले झाले की त्यातूनच पुढचा घोळ कळला.

कलम ५. देह

विजेवर जाळा. राख गावी नेत बसू नका. इथल्या ह्युरॉन नदीत सोडा, परवानगी लागत असेल तर घ्या. पण काठावरून टाकू नका. काठाशी पाणी उलटं फिरतं, टाकलेलं सगळं पायाशी परत येतं, मग रडणारे लोक मागे सरकतात आणि चांगलं दिसत नाही. भाड्याची नाव घ्या आणि मध्यधारेत जा. वल्हं निधीने मारावं. प्रतापने नुसतं बसावं, तेही मध्ये. नंतर जेवणात वांग्याची भाजी असावी. भाषणं नकोत.

कलम ६. चित्र

आता मुख्य गोष्ट. यावरून घरात भांडण आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमच्या शेजारी डॉरोथी म्हणून म्हातारी राहायची, वय एक्क्याण्णव. तिच्या दारातलं बर्फ मी काढायचो. माझं इंग्लिश चार शब्दांचं आणि तिला ऐकू कमी, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. एकदा तिने विचारलं की तुम्ही तिकडे काय करत होता. सांगता येईना, म्हणून मी झाडू उलटा धरला आणि तिच्या ड्राइव्हवेवर, बर्फात, डोंगा कसा ढकलतात ते करून दाखवलं. बांबू खाली रोवायचा, छातीने रेटायचं, मग टोक सोडवून घ्यायचं. ड्राइव्हवेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला नेलं. ती पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती.

दोन वर्षांपूर्वी वसंतात ती भाचीकडे राहायला गेली. जाताना हे चित्र मला दिलं. तिच्या आजीच्या आईने फ्रान्सहून आणलेलं. मागे तिने कागद चिकटवला आहे, त्यावर तिच्या हाताने लिहिलं आहे की हे मोतीला, त्याला नावा कळतात. खाली सही. तेव्हा मालकीबद्दल कोणी शंका काढू नये. डॉरोथी मागच्या वर्षी गेली.

चित्र दीड हात रुंद आहे. राखाडी नदी, पलीकडे उंच सरळ झाडं, अलीकडे गवत. नदीत एक नाव. नावेत लाल टोपीवाला माणूस उभा आहे, दोन्ही हात मोकळे. नीलांबरीने ते जेवणाच्या टेबलासमोर लावलं, बरोबर माझ्या खुर्चीच्या समोर.

मी रोज नाश्ता करताना बघायचो. नदी भरलेली, माणूस नावेत, आणि नावेत बांबू नाही, वल्हं नाही, काही नाही. असा माणूस म्हणजे वाहून चाललेला माणूस. मी असे दोन पाहिले आहेत, एक परत आला. पोहे घशाखाली जाईनात. खुर्ची बदलली तर पाठीला जाणवायचं. सहा महिने काढले. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ही सगळी मंडळी रेडमंडला नीलांबरीच्या भावाकडे गेली. मी थंडीचं कारण सांगून राहिलो. गॅरेजमध्ये कुंपणाचा तपकिरी रंग होता, दोन नंबरचा ब्रश होता. चित्र खाली काढलं, टेबलावर पेपर अंथरला, आणि त्या माणसाच्या हाताजवळून पाण्यात एक बांबू उभा करून दिला. एक रेघ, एका दमात. चहा केला. छान वाटलं.

पंधरा महिने कोणाला कळलं नाही.

निधी इथल्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकते. तिने मध्येच एक विषय घेतला जुनी चित्रं दुरुस्त करण्याचा, आणि या फेब्रुवारीत ती शिकवणारी बाई घरी आणली, हे चित्र दाखवायला. बाईने भिंग काढलं, छोटा दिवा काढला, चित्र तिरप्या उजेडात धरलं. अर्धा तास बोलली नाही. मला बाई आवडली. मग म्हणाली की चित्र खरं आहे, फ्रेंच आहे, दीडशे वर्षांच्या वरचं आहे, आणि काढणाऱ्याने नदीकाठी बसून काढलं आहे. सही धुळीत गेली आहे. मग थांबली आणि निधीकडे बघून काहीतरी बोलली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“आबाजी, ती म्हणते नाववाला फ्रेंच आहे.” निधी हसू दाबत होती. “बांबू फ्रेंच नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रताप उभा राहिला.

“बाबा, तुम्ही यावर पेंट मारलात?”

“मारला.”

“काय गरज होती?”

“तो वाहून चालला होता.”

“कोण?”

“तो माणूस.”

“बाबा, तो दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस आहे.”

“म्हणजे दीडशे वर्षं वाहतोय. कोणी बघितलं का त्याच्याकडे?”

नीलांबरी म्हणाली, “मी रोज या चित्राखाली पोळ्या वाढते, मला कळलं नाही. म्हणजे बाबांनी काढलाय चांगला.” हे मी तिच्या बाजूने इथे नोंदवून ठेवतो. बाईसुद्धा म्हणाली की रेघ उत्तम आहे. आणि म्हणाली की काळजी करू नका, रंग जुन्या वार्निशवर बसला आहे, खाली उतरलेला नाही. काडीला कापूस गुंडाळून, थोडं थोडं करून काढता येईल. दिवसाला बोटभर.

तिथून भांडण. प्रतापचं म्हणणं, चांगला माणूस बघून बांबू काढून घेऊ, चित्र साफ करू, विकू, घराला आणि निधीला उपयोगी पडेल. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी म्हणालो, बांबू निघाला तर मी या टेबलावर जेवणार नाही. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही हट्टीपणा करताय.” मी म्हणालो, “तुला पोहता येत नाही म्हणून तुला कळत नाही.” हे जरा लागणारं होतं. मार्चपासून आम्ही दोघं सरळ बोलत नाही. “नीलांबरी, प्रतापला सांग मीठ दे.” “नीलांबरी, बाबांना सांग मीठ त्यांच्याच पुढ्यात आहे.” सात महिने असं चाललं आहे. ती बिचारी मधल्या स्टॉपची कंडक्टर झाली आहे.

कलम ७. निधी

याच भांडणात निधी सापडली. ती शनिवारी शनिवारी त्या बाईच्या कामाच्या जागी जायला लागली होती. मे महिन्यात एकदा मी अंगणात वांगी लावत होतो तर शेजारी येऊन बसली.

“आबाजी, आय वॉन्ट टू डू धिस.”

“हे म्हणजे काय? वांगी?”

“नो. जुनी पेंटिंग्ज. क्लीन करणं, रिपेअर करणं. बाई दोन वर्षं शिकवेल म्हणते. ऑक्टोबरपर्यंत फॉर्म भरायचा आहे.”

“पोट भरतं?”

“थोडंसं.”

“बापाला विचारलंस?”

“डॅड म्हणाले, कॉम्प्युटर सोडून धूळ पुसायला जाणार?”

इथे मी म्हणायला हवं होतं की त्याच्या बापाने दगड रंगवले आणि त्या दगडांवरून तो कॉलेजात गेला. ते मला आता सुचतंय. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एकच होतं. मी म्हणालो, “म्हणजे माझा बांबू तूच पुसणार.”

ती म्हणाली, “नॉट इफ यू डोन्ट वॉन्ट.” उठून गेली. तेव्हापासून तिने शनिवारी जाणं बंद केलं. फॉर्म भरला नाही. तिच्या आईने विचारलं तर इंटरेस्ट गेला म्हणाली. तो गेलेला नाही. पोट्टी जेवताना त्या चित्राकडे बघते आणि मी बघितलं की ताटात बघते. बाप नको म्हणतो हे एक, पण आजानेही नको म्हटलं, मग तिने कोणाकडे जावं.

कलम ८. कबुली

हे कलम लिहायला मला उशीर झाला आहे. जुलैपासून लिहायचं होतं.

डोळे झाले, पट्टी निघाली, दुसऱ्या दिवशी मी चष्म्याशिवाय टेबलाशी बसलो. चित्र स्वच्छ दिसलं. आणि मला दिसलं की नावेच्या नाकाशी पाणी फुटतंय. बारीक पांढरी रेघ, दोन्हीकडे पसरत गेलेली. मी चमचा ठेवून जवळ गेलो.

ज्यांनी नाव चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाव पाण्याबरोबर वाहत असेल तर तिच्या नाकाशी पाणी फुटत नाही. दोघं एकाच चालीने चाललेले असतात. पाणी फुटतंय म्हणजे नाव थांबलेली आहे आणि पाणी तिला ओलांडून जातंय. आणि भरल्या नदीत, बांबूशिवाय, नाव थांबते ती एकाच कारणाने.

घरात कोणी नव्हतं. मी टॉर्च आणला, बाईने धरला होता तसा तिरपा धरला. गवतात, काळ्या वार्निशखाली, दोरी आहे. नावेच्या नाकापासून काठापर्यंत. नाव बांधलेली आहे. पहिल्यापासून बांधलेली होती. तो माणूस कुठेही वाहत नव्हता. नावेतलं पाणी उपसायला आला असेल, नाहीतर घरात बायको बोलली असेल म्हणून येऊन उभा राहिला असेल.

यात मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आमच्याकडे डोंगा खुंटाला बांधला की बांबू त्यात ठेवत नाहीत. खांद्यावर टाकून घरी नेतात, म्हणजे डोंगा कोणी पळवत नाही. माझ्या बापाने नेला, मी पंचवीस वर्षं नेला, आमचा बांबू अजून आमघाटच्या घरात आढ्याला टांगलेला आहे. बांधलेल्या नावेत बांबू नसतो हे अख्ख्या अमेरिकेत एका माणसाला माहीत असायला हवं होतं, आणि तोच कुंपणाचा रंग घेऊन बसला. त्या फ्रेंचाचा बांबू त्याच्या घरी होता. मी त्याला दुसरा दिला.

तीन महिने मी हे कोणाला सांगितलं नाही. प्रतापपुढे चूक कबूल करायची म्हणजे आधी त्याच्याशी बोलायला हवं. म्हणून इथे लिहितो. बांबू चुकीचा आहे. तो ठेवा असा माझा आग्रह नाही. प्रतापचं बरोबर होतं. पोहण्याबद्दल बोललो ते मागे घेतो, पण पोहायला शिकायला अजून वय गेलेलं नाही.

कलम ९. चित्र कोणाला

चित्र निधीला. एकटीला. त्यात कोणाचा वाटा नाही.

अट एकच. बांबू काढायचा तो निधीने, स्वतःच्या हाताने, नीट शिकून. दुसऱ्या कोणालाही, कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी, त्याला हात लावू देऊ नये. ती शिकेपर्यंत चित्र आहे तसं, आहे तिथे राहील. ज्याला चित्र लवकर साफ व्हायला हवं असेल त्याने तिला लवकर शिकायला पाठवावं. मी कोणाचं नाव लिहीत नाही, ते नाव प्रताप आहे.

मे महिन्यात वांग्याच्या वाफ्याशी मी निधीला जे बोललो ते या कलमाने रद्द. माझा बांबू तिनेच पुसावा अशी माझी इच्छा आहे. पुसताना दोन नंबरचा ब्रश जवळ ठेवावा, त्याला कळू दे. साफ झाल्यावर ठेवायचं की विकायचं ते ती ठरवेल, आणि तिने जे ठरवलं त्यावर टेबलावर चर्चा करू नये.

एवढंच. वरचं सगळं मी स्वतः लिहिलं आहे, दोन दिवस लागले, मध्ये एकदा पेन बदललं. साक्षीदारांनी वाचून नव्हे, मला सही करताना बघून सही केली आहे. रवींद्ररावांनी वाचायचा प्रयत्न केला, तो हाणून पाडला.

मोतीराम श्रावण मारबते (सही)

साक्षीदार: रवींद्र दातार (सही)
साक्षीदार: देवानंद गजभिये (सही)

ॲन आर्बर, शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

पुरवणी

मी वरील मोतीराम, डोकं अजून ठिकाणावर, आठ दिवसांनी हे जोडतो.

शोभनाला एक प्रत पाठवायची होती. स्कॅन कसं करतात मला माहीत नाही आणि नीलांबरी चकल्या तळत होती. म्हणून कागद प्रतापच्या टेबलावर ठेवले, वर चिठ्ठी लावली: स्कॅन करणे, वाचू नये. पानं उलटी ठेवली होती. तो इंजिनिअर आहे, त्याने सुलटी केली आणि वाचली. मला वाटतं मला ते ठाऊक होतं.

अर्ध्या तासाने तो खाली आला. माझ्यासमोर उभा राहिला. नीलांबरी सवयीने मध्ये आली, झारा हातात, काय निरोप द्यायचा म्हणून.

“बाबा,” तो सरळ मला म्हणाला, “टॉर्च कुठे आहे?”

“ड्रॉवरमध्ये. तिरपा धर.”

त्याने चित्र भिंतीवरून काढलं, टेबलावर ठेवलं. मी त्याचा हात धरून टॉर्च खाली केला, अजून खाली. तो वाकला. लहानपणी डोंग्यात वाकून मासे बघायचा तसा.

“दिसली?”

“थांबा. हां. दिसली. ओह, ती तिथपर्यंत जाते.” मग जरा वेळाने, “बाबा, गाठ कुठली आहे?”

मी पण टॉर्च घेऊन वाकलो. दोरी काठापर्यंत येते, खुंट्याला वळसा घेते, आणि तिथेच माझ्या बांबूची सावली सुरू होते. ही सावली मी उगाच जास्तीची मारली होती, बांबू खरा वाटावा म्हणून. ती बरोबर गाठीवर आली आहे.

“दिसत नाही,” मी म्हणालो. “माझ्या रंगाखाली आहे.”

“तुम्ही कुठली मारायचात?”

मी त्याला नीलांबरीच्या ॲप्रनच्या नाडीवर दाखवली. दोनदा. त्याला जमली नाही, ॲप्रनला गाठ बसली आणि चकल्या करपल्या. “दोघं बाहेर व्हा,” नीलांबरी म्हणाली. “सात महिने बोलत नव्हते तेच बरं होतं.”

प्रतापने वर तोंड करून हाक मारली. “निधी! खाली ये. तो फॉर्म कधीपर्यंत आहे?”

वर दार उघडलं. मग जिन्यावरून हळूच, “ट्यूसडे. व्हाय?”

“आज भर. आबाजींचा बांबू काढायचा आहे.”

ती धावत आली नाही. शेवटच्या पायरीवर थांबली आणि माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. मी मान हलवली. मग आली आणि टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाली, “आबाजी, इतका जवळ नाही धरायचा, गरम होतो.” म्हणजे शिकली आहे थोडं.

म्हणून ही पुरवणी. कलम ९ मधली अट मी मेल्यावर सुरू व्हायची होती. ती आजपासून सुरू. चित्र आजपासून निधीचं. बाकी कलमं आहेत तशी.

निधी म्हणते, हात बसायला दोन वर्षं, मग बांबूला आणि खालच्या वार्निशला मिळून तीन-चार महिने. म्हणजे गाठ दिसायला सव्वादोन वर्षं धरा. प्रताप म्हणतो ती साधी फेऱ्याची गाठ असेल. मी म्हणतो नाही, एवढ्या पाण्यात साधी टिकणार नाही. यावर आमची पैज आहे. तेवढं थांबायला माझी हरकत नाही, आणि तोपर्यंत या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याची घाई कोणी करू नये.

मोतीराम श्रावण मारबते (सही)

साक्षीदार: रवींद्र दातार (सही). पुरवणी पूर्ण वाचली. साधीच गाठ असेल.
साक्षीदार: देवानंद गजभिये (सही). मी काकांच्या बाजूने.

ॲन आर्बर, रविवार, १९ ऑक्टोबर २०२५